खारट पाण्यात गहू रुजवून पाहताना: नवख्यांसाठी उगवण चाचणी, पायरीपायरीनं

दिवाळी उरकली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले पट्ट्यात एक तक्रार हमखास कानावर येते. "सर, बी उगवलंय हो, पण रान पातळच दिसतंय." उसाचा खोडवा मोडून गहू केलेला असतो, बियाणं पिशवीतलं, पाणीही वेळेवर दिलेलं. तरी मधेच चार-चार हात जागा मोकळी राहते आणि सकाळी ऊन पडायच्या आत बघितलं तर तिथल्या ढेकळांवर पांढरट बुरा दिसतो. मीठ फुटलंय, एवढं सगळ्यांना कळतं. त्या मिठानं दाण्याचं नेमकं काय केलं, हे मात्र क्वचितच कुणी उकरून बघतं.

ते घरी किंवा कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत कसं बघायचं, ते इथे सांगतो. प्रकल्पासाठी विषय शोधणारे बी.एस्सी.चे विद्यार्थी, शाळेतले विज्ञान शिक्षक, आणि घरचं रान क्षारपड झालेली शिकलेली पोरं माझ्या डोळ्यांपुढे आहेत. महागडं काही लागत नाही. आठ-दहा दिवस चिकाटी लागते.

आधी जमीन ओळखा

नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी दिलं आणि त्या पाण्याला खाली निचरा मिळाला नाही, की भूजल वर चढतं. ते केशाकर्षणानं पृष्ठभागापर्यंत येतं, पाणी उडून जातं आणि विरघळलेले क्षार वर साठतात. ही झाली खारवट जमीन. तिच्या संपृक्त अर्काची (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असते आणि सामू ८.५ च्या आत.

चोपण जमिनीचं दुखणं वेगळं. तिथे सामू ८.५ च्या वर जातो आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा जास्त होतं. पाणी मुरत नाही, वर घट्ट पापुद्रा धरतो आणि दाणा हवेवाचून गुदमरतो. आपली चाचणी खारवट जमिनीची नक्कल करते. चोपण रानाचा अंदाज तिच्यातून काढू नका. दोन्ही दोष एकत्र असलेली रानंही आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून माती परीक्षणाचा कागद हातात असलेला बरा.

दाण्यात काय चालतं

कोरडा दाणा पाण्याला इतका आसुसलेला असतो की खारट पाणीसुद्धा तो सुरुवातीला ओढून घेतो. पहिले काही तास साध्या पाण्यातला आणि मिठाच्या पाण्यातला दाणा शेजारी ठेवले तर दोन्ही फुगलेलेच दिसतात. नवखे इथेच फसतात: "फुगला म्हणजे उगवणार." फुगणं ही निव्वळ भौतिक क्रिया आहे, मेलेला दाणाही फुगतो.

खरी अडचण पुढे येते. गव्हाच्या दाण्यात कोरड्या वजनाच्या साधारण ३५ ते ४५ टक्के पाणी गेल्यावरच अंकुरणाची हालचाल पुढे सरकते. गर्भाकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं, सालीखालच्या अल्युरॉन थराला निरोप जातो, तिथे अल्फा अमायलेज हे विकर तयार होतं आणि पिष्टाची साखर होऊ लागते. ती खाऊन मूळ बाहेर येतं. बाहेरच्या पाण्यात मीठ असलं की आधी पाणी मिळायलाच वेळ लागतो, कारण विरघळलेलं मीठ पाण्याला धरून ठेवतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी कुठल्या दिशेला जातं ते आठवा. १०० मिलिमोलर (लिटरला ५.८४ ग्रॅम) सोडियम क्लोराइडच्या द्रावणाचा परासरण दाब साधारण साडेचार वातावरणांइतका भरतो. मुळाच्या टोकाच्या पेशींना या ओढीवर मात करून पाणी घ्यावं लागतं.

दुसरा मार सोडियम आणि क्लोराइड यांचा स्वतःचा. ते पेशीत साठतात, पोटॅशियमची जागा बळकावतात आणि विकरांचं काम बिघडवतात. पहिला मार उशीर करतो, दुसरा इजा करतो. दोन्ही वेगळे ओळखता येतात. ते पुढे येईलच.

बी, पाणी, मीठ

बी मागच्या हंगामातलं, ज्याचा वाण खात्रीनं माहीत आहे असं घ्या. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून खाण्यासाठी आणलेला गहू चालत नाही, त्यात किती वाणांची सरमिसळ आहे ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. बियाण्याच्या पिशवीतला लाल-गुलाबी रंगाचा दाणा औषध लावलेला असतो. तो वापरलात तर सगळ्या गटांत तोच वापरा आणि उरलेला चुकूनही खाण्यात जाऊ देऊ नका. नुकताच मळलेला गहू काही आठवडे सुप्तावस्थेत असू शकतो, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये खळ्यावरून उचललेल्या दाण्यावर लगेच प्रयोग नको. प्रमाणित गव्हाच्या बियाण्याची उगवण किमान ८५ टक्के असावी लागते. साध्या पाण्यातच तुमचं बी त्याच्या खाली गेलं तर आधी बी बदला.

पाणी ऊर्ध्वपातित हवं. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते चालतं. नळाचं पाणी, धरणातून कोल्हापुरात येणाऱ्या थेट पाइपलाइनचं असलं तरी, स्वतःचे थोडे क्षार घेऊन येतं आणि तुमचा शून्याचा गट शून्याचा राहत नाही. मिठाचंही तसंच. स्वयंपाकघरातल्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेला पदार्थ असतो, खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार. प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम क्लोराइड घ्या.

वजनाची अडचण अशी सोडवा. १०० मिलिमोलरसाठी लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ लागतं आणि घरातला वजनकाटा एवढं बारीक दाखवत नाही. ओळखीचा सराफ असेल तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन मोजून आणा. नाहीतर मूळ द्रावण करा: ५८.४ ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग पाणी घालत एकूण एक लिटर करायचं. काट्याची अर्धा ग्रॅम चूक यात फारशी जाणवत नाही. या मूळ द्रावणातलं ५० मिलि घेऊन पाण्यानं एक लिटर केलं की ५० मिलिमोलर, १०० मिलि घेतलं की १००, याप्रमाणे १५० आणि २००. पाचवा गट नुसत्या पाण्याचा. २५ अंश तापमानाला या चार द्रावणांची ईसी साधारण साडेपाच, साडेदहा, साडेपंधरा आणि वीसच्या आसपास येते. कॉलेजात ईसी मीटर असेल तर मोजून लिहा, अंदाजावर राहू नका.

जमल्यास सहावा गट तुमच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा ठेवा. शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला बाकीच्या पाचांपेक्षा त्यातच जास्त रस असतो, आणि ते बरोबरच आहे.

मांडणी

घरात मिळणारा ब्लीच साधारण ४-५ टक्के हायपोक्लोराइटचा असतो. त्याचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग करून बी त्यात पाच मिनिटं बुडवा आणि मग ऊर्ध्वपातित पाण्यानं पाच-सहा वेळा धुवा. हातमोजे घाला. हे टाळलंत तर चौथ्या दिवशी काळी-हिरवी बुरशी येते आणि मिठानं मेलेला दाणा कुठला, बुरशीनं मेलेला कुठला हे सांगता येत नाही.

काचेच्या पेट्री डिशमध्ये गाळणकागदावर बी ठेवणं सोपं, पण मला कागदाची गुंडाळी जास्त पटते, कारण मुळं सरळ वाढतात आणि मोजता येतात. उगवण चाचणीचा कागद द्रावणात भिजवून निथळा, त्यावर २५ दाणे ओळीत मांडा, गर्भाचं टोक खाली. वरून दुसरा भिजवलेला कागद, मग सैल गुंडाळी, आणि ती उभी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर्तमानपत्राचा कागद नको, शाईचा भरवसा नसतो. प्रत्येक द्रावणाच्या चार गुंडाळ्या म्हणजे १०० दाणे. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या, म्हणजे इस्टाच्या, पद्धतीत ४०० दाणे घेतात; शिकण्यासाठी १०० पुरेत. चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहा, शाई भिजून पसरते.

गव्हासाठी मानक तापमान २० अंश आहे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत सावलीतली बंद खोली त्याच्या बरीच जवळ राहते. एप्रिलच्या उकाड्यात हा प्रयोग केलात तर मिठाबरोबर उष्णतेचाही परिणाम मोजला जाईल. खोलीत थर्मामीटर टांगा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. गुंडाळ्यांच्या जागाही रोज बदला, खिडकीजवळच्या नेहमी पुढे धावतात.

आता सगळ्यात जास्त प्रयोग बिघडवणारी गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागद कोरडा वाटतो आणि माणूस प्रेमानं त्यावर पुन्हा तेच मिठाचं द्रावण ओततो. उडून गेलं ते फक्त पाणी, मीठ तिथेच राहिलं. त्यावर आणखी मीठ. १०० चा गट कधी १५० चा झाला हे तुम्हाला कळतही नाही. पिशवीबाहेर आलेला कागदाचा काठ भिंगातून बघा. तिथे बारीक पांढरी किनार धरलेली दिसेल, स्फटिक चमकताना दिसतील. रानात ढेकळाच्या टोकावर जे होतं तेच इथे कागदाच्या काठावर होतं. उपाय दोन: पिशवीचं तोंड नीट बांधा, आणि प्रत्येक गुंडाळीचं पहिल्या दिवशीचं वजन लिहून ठेवून जितकं घटेल तितकं साधं ऊर्ध्वपातित पाणी घाला. किंवा दर दोन दिवसांनी कागद बदलून ताज्या द्रावणाचा घ्या. दुसरा मार्ग कटकटीचा आहे, पण जास्त भरवशाचा.

मोजणी

रोज एकाच वेळी मोजा. मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की दाणा अंकुरला असं धरा आणि ही व्याख्या शेवटपर्यंत बदलू नका. इस्टाच्या नियमात चौथ्या दिवशी पहिली आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी असते आणि तिथे नुसतं मूळ पुरत नाही, नीट घडलेलं रोप लागतं. आठव्या दिवशी तीही नोंद घ्या. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

बहुतेक जण इथेच थांबतात: अंकुरले किती, भागिले एकूण, गुणिले शंभर. आणि निष्कर्ष काढतात की गव्हाला मीठ फारसं बाधत नाही. माझा सगळा आग्रह याच्याविरुद्ध आहे. टक्केवारी ही मिठाच्या परिणामाची सर्वांत बोथट खूण आहे, ती सगळ्यात शेवटी पडते. आधी उशीर होतो, मग मूळ आखडतं, आणि मगच टक्केवारी ढासळते.

समजण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. साध्या पाण्यातल्या २५ दाण्यांपैकी दुसऱ्या दिवशी १८, तिसऱ्या दिवशी ५, चौथ्या दिवशी १ अंकुरला. एकूण २४, म्हणजे ९६ टक्के. १५० मिलिमोलरमध्ये तिसऱ्या दिवशी ६, चौथ्या दिवशी ९, पाचव्या दिवशी ५, सहाव्या दिवशी २. एकूण २२, म्हणजे ८८ टक्के. नुसतं एवढं पाहिलं तर फरक किरकोळ. आता सरासरी अंकुरण काळ काढा: प्रत्येक दिवसाचा क्रमांक गुणिले त्या दिवशी नव्यानं अंकुरलेले दाणे, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण अंकुरलेले. पहिल्या गटात ५५ भागिले २४ म्हणजे २.३ दिवस. दुसऱ्यात ९१ भागिले २२ म्हणजे ४.१ दिवस. जवळपास दोन दिवसांचा उशीर.

पुढे लांबी. आठव्या दिवशी प्रत्येक गुंडाळीतली दहा रोपं न निवडता उचला, मूळ आणि कोंब मोजपट्टीवर मोजा. समजा साध्या पाण्यात दोन्ही मिळून सरासरी २० सेंटिमीटर भरले आणि मिठात साडेपाच. उगवण टक्केवारी गुणिले रोपाची लांबी म्हणजे जोम निर्देशांक. एकीकडे १९२०, दुसरीकडे ४८४. टक्केवारी आठानं पडली, जोम मात्र चौथाईवर आला. "बी उगवलंय हो, पण रान पातळ" याचा अर्थ या दोन आकड्यांत आहे.

मोजताना मुळांकडे डोळे उघडे ठेवून बघा. निरोगी रोपाला दाण्यातूनच तीन ते पाच मुळं फुटतात, पांढरी, टोकाला नाजूक, त्यावर मखमली मूळकेस. जास्त मिठातल्या रोपाची मुळं आखूड आणि जाडसर होतात, एखाद-दुसरंच लांबतं, टोक तपकिरी पडतं. कोंबावरचं टोपण, ज्याला अंकुरकोष म्हणतात, तेही आखूड राहतं. याचा रानात थेट अर्थ आहे. अंकुरकोष जेवढा लांब, तेवढ्याच खोलीतून पहिलं पान सुखरूप वर येतं. मिठानं तो आखडला आणि कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, बी दोन-अडीच इंच खाली गेलं असलं, तर दाणा अंकुरतो पण रोप मातीतच मुडपून राहतं. वरून बघणाऱ्याला वाटतं बी खोटं निघालं, आणि दुकानदाराशी भांडण होतं.

मेलं की थांबलं?

आठव्या दिवशी जे दाणे अंकुरले नाहीत ते फेकू नका. स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवा, साध्या पाण्याच्या नव्या कागदावर ठेवा आणि आणखी चार दिवस बघा. बरेचसे अंकुरले, तर मिठानं त्यांना फक्त पाण्यावाचून अडवून ठेवलं होतं. नाही अंकुरले आणि चिमटीत दाबल्यावर पिचकले, तर विषारी इजा झाली. मला या सगळ्या प्रयोगातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण त्यासाठी काहीच जादा लागत नाही आणि पहिल्या पाण्यानंतर रान सावरेल का, याचा थोडा अंदाज येतो. हेच अधिक काटेकोरपणे करायचं असेल तर त्याच परासरण दाबाचं पॉलिइथिलिन ग्लायकॉल ६००० चं द्रावण शेजारी ठेवतात. त्याचे रेणू मोठे असल्यानं पेशीत शिरत नाहीत, म्हणून तिथे दिसणारा परिणाम फक्त पाणी न मिळण्याचा. पदव्युत्तर प्रकल्पाला हे शोभेल, शाळेत नको.

कागदावरून मातीत

कागदावरचं मीठ शुद्ध सोडियम क्लोराइड असतं. आपल्या रानात सोडियमबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं, क्लोराइडबरोबर सल्फेट आणि बायकार्बोनेट असतात. कॅल्शियम सोडियमचा उपद्रव काही प्रमाणात कमी करतं. त्यामुळे कागदावरचा आकडा जसाच्या तसा शेताला लावता येत नाही, मातीची एक फेरी करावीच लागते.

वाईट पट्ट्यातली आणि चांगल्या पट्ट्यातली माती वेगवेगळी आणा, वरच्या ५ सेंटिमीटरमधली. नेहमीचा माती नमुना २०-३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा असतो, त्यात वरचं मीठ खालच्या मातीत मिसळून सौम्य दिसतं. दाणा मात्र नेमका वरच्या थरात बसलेला असतो. दोन्ही माती वाळवून, फोडून, वेगवेगळ्या प्रमाणात मिसळा: सगळी चांगली, पाऊण-पाव, निम्मी-निम्मी, सगळी वाईट. भोक नसलेल्या डब्यात भरा, कारण खालून पाणी निघालं तर मीठही निघतं. प्रत्येक डब्यात २५ दाणे, इंचभर खोल. पाणी वजन करूनच द्या, डब्यात तुंबू देऊ नका. मातीवर कोंब दिसला की मोजा, दहा-बारा दिवस.

माती परीक्षणाचा अहवाल वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा मिश्रणाची ईसी देतात. पुस्तकांतल्या मर्यादा संपृक्त अर्काच्या असतात आणि ते आकडे त्याहून बरेच मोठे असतात. गव्हाचं उत्पादन संपृक्त अर्काची ईसी ६ च्या वर गेल्यावर घटू लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककामागे सुमारे ७ टक्क्यांनी घटतं, असा मास आणि हॉफमन यांचा १९७७ चा जगभर वापरला जाणारा हिशेब आहे. उगवण आणि कोवळ्या रोपाच्या काळात मात्र वरच्या थरात ४-५ च्या पुढे जाऊ नये असं धरतात. म्हणजे ज्या रानात वाढलेला गहू तग धरेल, त्याच रानात तो लहानपणी अडखळू शकतो.

वाणांची तुलना करायची असेल तर राजस्थानातला खारचिया ६५ हा जुना, सहनशील म्हणून प्रसिद्ध गहू, आणि कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे केआरएल २१०, केआरएल २१३ ही नावं वाचनात येतील. ते उत्तरेच्या लांब थंडीचे गहू आहेत. आपली थंडी आखूड, म्हणून ते थेट रानात पेरण्याआधी निफाडचं गहू संशोधन केंद्र किंवा कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय यांना विचारा. आपली खपली, म्हणजे टरफल चिकटून राहणारा गहू, चाचणीत जरूर घ्या, पण टरफलासकट दाणा पाणी सावकाश घेतो. टरफल काढूनच तिची बाकीच्यांशी तुलना करा, नाहीतर टरफलाचा दोष मिठाच्या नावावर जाईल. आणि कागदावर पहिला आलेला वाण ओंबीतही पहिला येतोच असं नाही.

पेरणीसाठी यातून निघणारी कामं थोडी आहेत. शेवटच्या नांगरटीनंतर बांध घालून भरपूर गोडं पाणी द्या म्हणजे वरचं मीठ खाली जाईल, मात्र खाली निचरा असेल तरच. नसेल तर तेच पाणी मीठ घेऊन पुन्हा वर येतं. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याची कामं झाली आहेत, जवळ असाल तर एखादं रान बघून या. वाफसा आला की उथळ पेरा. सरी-वरंबा असेल तर वरंब्याच्या माथ्यावर बी नको, मीठ तिथेच चढतं, उतारावर टोकणा. बियाणं नेहमीपेक्षा २५ टक्के जास्त घ्या. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवून पेरलं तर सुरुवातीचा उशीर भरून निघतो, आणि हेही तुमच्याच कागदी गुंडाळीत आधी तपासून पाहता येतं: एक गट भिजवलेल्या बियाण्याचा, एक कोरड्याचा, दोन्ही १०० मिलिमोलरमध्ये.

ज्या पट्ट्यातल्या मातीत डब्यातसुद्धा कोंब वर आला नाही, तिथे यंदा गव्हाचं बी घालू नका. तेवढ्या तुकड्यात पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक करून गाडा, आणि पुढच्या दिवाळीत तिथली वरची माती पुन्हा डब्यात भरून बघा.